तिसऱ्या हाकेपर्यंत

आमच्या गावात कोणाला हाक मारायची तर ती तीनदा मारावी लागते. एकदा मारली तर कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्यांदा मारली तर माणूस हातातलं काम थांबवतो, मान वर करतो आणि तसाच उभा राहतो. तिसऱ्या हाकेला मग "ओऽ" येतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, या गावाला कमी ऐकू येतं. माझ्या वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्या आठ दिवसांतच त्यांनी माहेरी निरोप पाठवला होता की सासर चांगलं आहे, माणसं मायाळू आहेत, फक्त घरातले सगळे बहिरे आहेत.

पुढे त्याही शिकल्या. गावात सगळेच तिन्ही हाका एका दमात मारतात. आई मला जेवायला बोलवायची ती "बारक्या-बारक्या-बारक्या" अशी, मध्ये श्वास न घेता. मी घरात धाकटा म्हणून बारक्या. आज मी बावन्न वर्षांचा आहे, डोकं अर्धं पांढरं झालं आहे, आणि त्या नावाने मला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. शेवटचा जो होता त्याने दोनदा मारली. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

तीन हाकांचं कारण म्हणजे कासाराची विहीर. गाव चाकणच्या पलीकडे आहे. आता तीन बाजूंनी कंपन्यांच्या शेड आल्या आहेत आणि रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा असतात. पण गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला आमच्या शेताचा एक तुकडा बरेच दिवस तसाच राहिला होता. ती विहीर त्यात होती. दगडी बांधणीची, आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांच्या पायऱ्या.

इंग्रजी अमलात, म्हणजे माझ्या आजोबांच्याही आधी, जुन्नरकडून एक कासार बांगड्यांचं ओझं पाठीवर घेऊन बाजाराला निघाला होता. भर दुपारी पाणी प्यायला तो विहिरीवर थांबला. तिथे कोणीतरी त्याला लुटलं आणि आत ढकललं. तेव्हापासून दुपारी बाराच्या सुमाराला तो विहिरीतून हाक मारतो. नाव घेऊन मारतो आणि आपल्याच माणसाच्या आवाजात मारतो. ओ दिला की ओढून नेतो. पण त्याला दोनच हाका मारता येतात, कारण तिसऱ्या हाकेला त्याच्या तोंडात पाणी गेलं होतं. म्हणून तिसरी हाक आली तरच समजायचं की जिवंत माणूस बोलावतो आहे.

कासाराची समजूत काढायला गावातली प्रत्येक नवी नवरी त्या विहिरीत एक हिरवी बांगडी टाकायची. आमच्या वहिनींनीही टाकली.

लहानपणी या गोष्टीची भीती वाटायची. पुढे मी आयटीआय केलं, चाकणच्या एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला लागलो, भीती गेली. सवय मात्र गेली नाही. मोबाइल आला तरी आमच्या गावचा माणूस तिसरी रिंग झाल्याशिवाय उचलत नाही. कंपनीत पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर माझ्यावर खेकसला होता, "काय रे, तुमच्या गावात कान भाड्याने मिळतात का?"

तेव्हा शेजारच्या मशीनवरून आवाज आला, "सर, अजून एक हाक मारा. येतोय तो. त्यांच्याकडं पद्धत आहे तशी."

हा बोलणारा माझा मित्र. माझ्याच गावचा, बौद्ध वस्तीतला. शाळा एक, आयटीआय एक, कंपनी एक. त्याला मात्र कोणी एकदा हाक मारली की हा लगेच "ओ" म्हणून हजर. मी कधी विचारलं नव्हतं की एकाच गावचे आम्ही दोघं आणि हा फरक कसा.

ते त्यानेच एकदा सांगितलं. कंपनीची बस चाकणच्या चौकात अडकून पडली होती. उकाड्याने जीव चालला होता. मी वेळ घालवायला शेजारी बसलेल्या एका नव्या पोराला कासाराची गोष्ट रंगवून सांगत होतो. माझा मित्र खिडकीतून बाहेर बघत होता. गोष्ट संपली तसा माझ्याकडे वळला.

"राव, एक सांग. कासारानं दोनच हाका मारल्या, हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो तर मेला. मारणारे पळाले. मग दोन मोजल्या कोणी?"

मी हसलो. तो हसला नाही.

"मोजणारा कोणीतरी होता ना? गाव होतं. दुपारची वेळ, सगळे शेतात. ऐकलं सगळ्यांनी. गेलं कोणी नाही. मग गावानं ठरवलं की ते भूत होतं."

"आणि तुमच्याकडे काय सांगतात?"

"आमच्याकडं सांगतात की एक जण गेला. माझ्या पणजोबाचा बाप. गावची राखण त्याच्याकडं होती, हाक ऐकली की पळायचं हेच काम. तो पळाला, विहिरीत उतरला, कासाराला वर काढलं. तेवढ्यात गाव जमलं. त्याचे कपडे ओले, हाताला रक्त. गाव म्हणालं, तू इथं कसा? खेडच्या कचेरीत नेला. तो काय परत आला नाही." बस थोडी पुढे सरकली. "तरी आमच्या वस्तीत पहिल्या हाकेला ओ देतात. माझा बाप म्हणायचा, आपण नाही गेलो तर मग त्यांच्यात अन् आपल्यात फरक काय राहिला?"

ते मी ऐकलं आणि विसरलो. खरं म्हणजे बाजूला ठेवलं. आपल्या गावाबद्दल असं काही ऐकलं की माणूस तेच करतो.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याने शाळा लवकर सोडली आणि शेत बघितलं, म्हणून मी शिकलो. लग्नानंतर मी थेरगावला फ्लॅट घेतला, मुलीच्या शाळेसाठी. पण दर गुरुवारी, कंपनीची सुट्टी म्हणून, गावी यायचो. दादाबरोबर शेतात हिंडायचं, वहिनींच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळी परत.

अकरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका गुरुवारी विहिरीवरची मोटर पाणी ओढेना. पाइपाच्या तळाशी कचरा अडकला असणार. दादाने मोटर बंद केली, पायजमा गुडघ्याच्या वर खोवला आणि पायऱ्यांनी उतरायला लागला.

"दोरी लावू का?" मी विचारलं.

"दोरी जनावरांना लावत्यात. तू जेवून घे."

मी चिंचेखाली बसलो. विहिरीपासून तीस पावलं असेल. वहिनींनी भाकरी, पिठलं आणि कांदा दिला होता. ओढ्यापलीकडच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला आणि बंद झाला. त्यानंतर फार शांत झालं.

"बारक्या."

एकच हाक. पाना मागताना, बिडी मागताना दादा मारायचा तशी साधी. मी घास हातात धरून थांबलो. आमच्याकडे कोणी एकदाच हाक मारत नाही, मी बाकीच्या दोन येण्याची वाट बघत होतो. काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला. दगड असेल, असं मनात आलं.

"बारक्या."

ही आखूड होती. मी घास खाली ठेवला आणि थांबलो.

त्या थांबण्याबद्दल मला प्रामाणिकपणे लिहायचं आहे. मी घाबरलो नव्हतो. तो कासार आहे असं मला वाटलं नाही. दादा विहिरीत आहे हे मला माहीत होतं आणि आवाज दादाचा होता. तरी माझं अंग उठलं नाही, कारण पन्नास माणसांनी लहानपणापासून मला शिकवलं होतं की दोन हाका म्हणजे कोणी बोलावलेलं नसतं. मी तिसरीची वाट बघत बसलो. किती वेळ? एक भाकरी परातीत थापायला लागतो तेवढा असेल. मी त्या वेळेवर खूप विचार केला आहे. तो कमी करून बघितला, तो कधीच पुरेसा कमी होत नाही.

पावलांचा आवाज आला. माझा मित्र बांधावरून पळत येत होता. मागे वाटेवर त्याची मोटरसायकल आडवी पडली होती, चाक फिरत होतं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ विहिरीत उतरला. तेव्हा मी उठलो.

वरची एक पायरी सुटली होती. दादाचं डोकं खालच्या दगडावर आपटलं होतं. आम्ही दोघांनी त्याला वर काढलं, वाटेवरचा एक टेम्पो थांबवला. दवाखान्यात पोहोचण्याआधी तो माझ्या मांडीवर गेला.

दवाखान्याच्या आवारात एक हवालदार आले. भाऊ म्हणून पहिल्यांदा मला विचारलं. वहिनी समोर भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही जवळच होता ना? काही ऐकू आलं का?"

"नाही," मी म्हणालो. "मोटर चालू होती."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. निघाल्यावर तेच खरं झालं.

माझा मित्र टेम्पोवाल्याला वाटेला लावून आला. त्याचे कपडे ओले होते, बाहीवर दादाचं रक्त होतं. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "दोन हाका ऐकल्या साहेब. मी रस्त्यानं चाललो होतो. पहिलीलाच गाडी टाकली अन् पळालो."

हवालदारांनी वहीवरून डोकं वर काढलं. "सख्खा भाऊ तीस पावलांवर. त्याला ऐकू येत नाही. आणि तुला रस्त्यावरून येतं? तू तिथं काय करत होतास?"

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं. टाकीला साखळीने बांधलेला स्टीलचा ग्लास होता. मला तो अजून दिसतो.

त्याला चौकीत नेलं आणि दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं. शेवटी त्याने जबाब बदलला. मोटरीचा आवाज होता, आपल्याला भास झाला असेल, पाणी प्यायला म्हणून विहिरीवर गेलो होतो, असं सांगितलं. अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली. त्याच संध्याकाळी तो त्याच कपड्यांनी दादाच्या मातीला आला आणि मागच्या रांगेत उभा राहिला.

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकाच लाइनवर काम केलं. एकाच डब्यात जेवलो. त्याने एकदाही विषय काढला नाही. माझ्या मुलीच्या बारावीला त्याने पेढे आणले, त्याच्या पोराच्या ॲडमिशनला मी रजा टाकून गेलो. लोक म्हणायचे, यांची दोस्ती बघा. कोणी त्याला हाक मारली की मशीनच्या आवाजातूनही त्याचा "ओ" यायचा आणि दर वेळी मी खाली बघायचो.

वहिनी गावातच राहिल्या. त्यांची मुलगी सांगवीला दिलेली. त्यांनी मागच्या अंगणात चार खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. कोणी बीडचा, कोणी बिहारचा. वहिनी त्यांनाही तीनदा हाक मारायच्या. बिहारचा पोरगा हात जोडायचा, "आंटी, एक बार में सुन लिया!"

"ऐकलंस तर बोलायला काय झालं?" वहिनी म्हणायच्या. "आमच्याकडं तिसऱ्यालाच बोलत्यात. तू मधी बोलू नगंस."

मी दर गुरुवारी जात राहिलो. नळ दुरुस्त करायचा, गहू दळून आणायचा, औषधं आणायची. सगळे म्हणायचे, दीर असावा तर असा. वहिनी मला ताट वाढायच्या, वरून तूप सोडायच्या. आणि वर्षातून एकदा, दादाच्या श्राद्धाच्या दिवशी, पानं उचलताना, त्या एकच प्रश्न विचारायच्या.

"भावजी, खरंच काय म्हनले न्हाईत व्हय?"

"मोटर चालू होती, वहिनी."

"व्हय. म्हनला होता तुमी." आणि त्या पानं घेऊन आत जायच्या.

मला भीती कसली होती ते स्पष्टच सांगतो. त्यांना कळलं तर त्या घराचं दार मला बंद होईल, ही. आई गेली, दादा गेला. माझ्यासाठी अजून ताट वाढून ठेवणारं, मी उशिरा आलो तर रस्त्याकडे बघत बसणारं गावात तेवढं एकच घर होतं. मी त्या घरात दर गुरुवारी चोरासारखा जेवत होतो.

यंदा उन्हाळ्यात तो तुकडा गोडाऊनसाठी द्यायचं ठरलं. शेत वहिनींच्या आणि माझ्या नावावर. मी सही करायला अजिबात वेळ लावला नाही. विहीर बुजली की संपेल, असं मनात होतं. मुरूम टाकण्याआधी कंत्राटदाराने जुना पाइप काढायला विहिरीचं पाणी उपसलं. गुरुवार होता. वहिनी म्हणाल्या, मला एकदा बघायचं आहे.

आम्ही दोघं काठावर उभे राहिलो. दुपारचं ऊन सरळ तळाशी पडलं होतं. चिखलात सगळीकडे हिरवं चकाकत होतं. बांगड्या. तुकडे बरेच, पण कित्येक अख्ख्या. किती पिढ्यांच्या नव्या सुनांनी टाकलेल्या, देव जाणे.

वहिनी वाकून बघत होत्या. "यातली माझी कंची असंल वं?" मग स्वतःशीच हसल्या. "टाकताना तुमचे दादा म्हनले होते, जपून टाक, कासाराला तुझं माप कळंल."

आणि मला ते सहन झालं नाही.

"वहिनी, त्या दिवशी मोटर बंद होती."

त्या सरळ झाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, चालू मोटरीत कोन उतरतं विहिरीत? मी शेतकऱ्याची लेक हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दवाखान्यातच कळलं. तुमी बोलला तवाच."

"मग दर वर्षी विचारत का होता?"

"तुमी सांगाल म्हनून."

कंत्राटदाराची माणसं पाइप ओढत होती, त्यांचा आरडाओरडा चालू होता. वहिनी चिंचेखाली जाऊन बसल्या, मी जिथे जेवत होतो तिथेच. मी समोर मातीत बसलो.

"काय म्हनले?"

"बारक्या म्हणाला. दोनदा."

"कसं म्हनले? वरडून?"

"पहिली साधी. पाना मागायचा ना, तशी."

"पाना!" त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हंजे घाबरले नव्हते."

"पहिल्या हाकेला नव्हता."

"आन् दुसऱ्या?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. ते दयेचं खोटं झालं असतं. पण माझा आता कोणत्याच खोट्यावर विश्वास राहिला नव्हता. "दुसऱ्या हाकेला घाबरला होता. मी तिसरीची वाट बघत बसलो, वहिनी. उठलो नाही."

वहिनी जमिनीवरचा एक चिंचेचा आकडा उचलून सोलत राहिल्या. सोलून झाल्यावर तो तसाच खाली ठेवला.

"थांबला ते मला समजतं," त्या म्हणाल्या. "ह्या गावात मी बी तीस वर्सं काढली. मी बी थांबले असते. पर ती हाक तुमी अकरा वर्सं एकट्यानं ठिवली. ती माझी बी होती. मी रातचं पडल्या पडल्या काय काय हाका ऐकल्या, तुमाला काय ठावं? त्यात माझं नाव बी घेतलं त्यांनी, आईचं बी घेतलं. आन् ते नुसतं पाना मागत होते."

मी हात जोडले. त्यांनी ते बघितले नाहीत.

"आन् ज्यानं खरं सांगितलं त्याला तुमी चौकीत बसवलं. आधी तिकडं जावा."

मी तसाच उठून वस्तीत गेलो. गुरुवारमुळे मित्र घरीच होता. अंगणात मोटरसायकल उघडून बसला होता, हात काळे. मी उभ्या उभ्या बोलायला लागलो. मोटर बंद होती, मी ऐकलं होतं, मी खोटं बोललो, तुला बसवून ठेवलं तेव्हा गप्प राहिलो. तो चेनला तेल लावत राहिला.

"ऊन फार आहे," तो म्हणाला. "सावलीत उभा राहा आधी."

मी सावलीत सरकलो.

"अकरा वर्षं, भावा. तुझ्या गावच्या मानानं लवकरच आलास."

"मी चौकीत जाऊन जबाब बदलतो."

"तिथं आता कोण ओळखतंय आपल्याला? फाईल उंदरानं खाल्ली असेल." त्याने फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसत राहिला. "चौकीत बसलो त्याचं मला काही नाही. आमच्याकडं ते घराण्यातच आहे. पण घरी आल्यावर बापानं विचारलं, तू खरंच हाक ऐकलीस का? मी जबाब बदललेला. आता त्याला काय सांगू? खरं सांगितलं तर म्हातारा काठी घेऊन तुझ्या दारात आला असता. त्या दिवशी तुझ्या घरी मयत होती. म्हणून म्हणालो, नाही, भास झाला. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलला नाही. त्याला वाटलं, मी चौकीत भिऊन पलटलो. पुढच्या वर्षी गेला."

हे मला माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांच्या मातीला मी गेलो होतो, खांदा दिला होता.

"मला सांगू नकोस," तो म्हणाला. "मला माहीतच आहे. आत आई आहे. तिला सांग."

त्याची आई उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढे बसलो आणि पुन्हा सगळं सांगितलं. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्या दोन घरांतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी आवाज कमी केला नाही.

म्हातारीने ऐकून घेतलं. तांदळातला एक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकला.

"म्हंजे माझ्या पोरानं खरंच ऐकली होती."

"होय."

"आन् तसाच पळाला."

"होय, मावशी. एका हाकेला."

तिने दाराकडे तोंड करून शेजारणींना सांगितलं, "ऐकलं का गं? बापावरच गेलाय." मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि तो असायलाच हवा होता. "त्याचा बाप असता तर तुला मारला असता. मग जेवाया घातलं असतं. मला दोन्ही जमत न्हाई आता. पानी पी आन् जा."

मी पाणी प्यालो आणि आलो.

विहीर बुजली. वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी गुरुवारी जायचो, त्या बिहारच्या पोराच्या हाती चहा पाठवायच्या. तोही बिचारा गोंधळला होता. "अंकल, कुछ हुआ क्या?" मी नळ बघायचो, गहू दळून आणून ओट्यावर ठेवायचो, निघायचो. ताट नव्हतं. मी तक्रार करत नाही. जे जाईल म्हणून मी अकरा वर्षं खोटं बोललो ते गेलं होतं, आणि गंमत अशी की मला झोप लागत होती.

असे सात गुरुवार गेले. आठव्या गुरुवारी मी पुढच्या अंगणात बसून पंख्याचं रेग्युलेटर उघडलं होतं. माझा मित्रही आला होता. वहिनींनीच त्याला कसल्या तरी वायरिंगच्या कामाला बोलावलं होतं, मला न सांगता. तो स्टुलावर चढून बोर्ड बघत होता. दुपार झाली होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"भावजी."

एकच हाक. साधी.

माझा हात थांबला. इतक्या वर्षांची सवय, मान वर झाली आणि मी थांबलो. स्टुलावरून मित्र माझ्याकडे बघत होता. त्याने "ओ" दिला नाही, हाक त्याला नव्हती. तो नुसता बघत होता.

"ओ," मी म्हणालो.

स्क्रू मातीत सांडले, मी उठून आत गेलो. वहिनी स्वयंपाकघरात फळीखाली उभ्या होत्या, वर बघत. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी इतक्या लवकर येईन असं त्यांना वाटलं नसावं, त्या जराशा दचकल्या.

"तो वरला डबा काढून द्या," त्या म्हणाल्या. "बेसनाचा. माझा हात पोचत न्हाई."

मी डबा काढून दिला. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं.

"तिघांना पुरंल," त्या म्हणाल्या. "त्यांना बी सांगा, हात धुवा म्हनावं."